पारा पस्तिशीतच, तरी माणूस कोसळतो: कोकणातील उष्मा आणि आपले शरीर

राजापूर तालुक्यातील एका आंबा बागायतदारांनी प्रश्न विचारला आहे. विदर्भात पारा ४४-४५ अंशांवर गेला की उष्माघाताच्या बातम्या येतात, हे समजण्यासारखे आहे. पण आपल्याकडे तापमान ३४-३५ अंशांच्या फारसे वर जात नाही, समुद्रही हाकेच्या अंतरावर आहे, तरीही गेल्या मे महिन्यात त्यांच्या बागेत काढणीला असलेला एक धडधाकट, ऐन उमेदीतला गडी दुपारी असंबद्ध बोलू लागला आणि पाहता पाहता कोसळला. हा खरोखर उष्माघात असू शकतो का, तो टाळायचा कसा आणि त्या माणसाला यंदा पुन्हा कामावर घ्यावे का, असे त्यांचे विचारणे आहे. किनारपट्टीवरच वैद्यकीय व्यवसाय करत आल्यामुळे हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्ट आहे: होय, ३५ अंशांतही उष्माघात होऊ शकतो, आणि समुद्र जवळ असणे हे त्याचे एक कारण आहे. आपले शरीर अखंड उष्णता निर्माण करत असते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात ताशी ७० ते ८० किलोकॅलरी उष्णता तयार होते. आंब्याचे क्रेट खांद्यावर घेऊन बागेची चढण चढणाऱ्याच्या शरीरात तीच ३०० ते ४०० पर्यंत जाते. ही उष्णता बाहेर पडली नाही, तर शरीर तापत जाते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते, त्यामुळे बाहेरची हवाही ३५ अंशांची झाली की हवेला उष्णता देऊन टाकण्याचा मार्ग जवळपास बंद होतो आणि घाम हाच एक आधार उरतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. मात्र यातील अट महत्त्वाची आहे. घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळावा लागतो. पावसाळ्यात दोरीवर घातलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कारण हवेत आधीच भरपूर बाष्प असते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्या त्वचेवरच्या घामाची नेमकी तीच गत होते. अंगावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण उष्णता जवळजवळ नेत नाही.

हिशेब मांडून पाहिला तर धोका किती वेगाने वाढतो ते कळते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी उष्णता पुरते. काम करताना तयार होणाऱ्या उष्णतेपैकी ताशी फक्त १०० किलोकॅलरी आत साचून राहिल्या, तरी तासाभरात ३७ अंशांचे शरीर ३९ वर जाते. दुसऱ्या तासातही तो थांबला नाही, तर आपण उष्माघाताच्या उंबरठ्यावर असतो.

म्हणून कोकणात नुसता पारा पाहून चालत नाही. तापमापकाच्या टोकाला ओले कापड गुंडाळून त्यावर वारा सोडला की जे तापमान मिळते, त्याला आर्द्र तापमान म्हणतात. घाम वाळून शरीर किती थंड होऊ शकेल याचा अंदाज त्यावरून येतो. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर आर्द्र तापमान साधारण २३ अंश भरते. रत्नागिरीत ३५ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तेच २९ अंशांच्या पुढे जाते. आर्द्र तापमान ३५ अंश झाले तर सावलीत, वाऱ्याला बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असे गणिताने पूर्वीच दाखवून दिले होते. पुढे अमेरिकेत तरुण, निरोगी व्यक्तींवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा शरीराचा समतोल त्याआधीच, दमट हवेत सुमारे ३१ अंशांच्या आसपास, ढळू लागतो असे आढळले. हे प्रयोग अगदी हलकी हालचाल करणाऱ्यांवर झाले होते. अंगमेहनत करणाऱ्याची मर्यादा त्याहूनही खाली असते. यावरून विदर्भातला उन्हाळा सौम्य आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. तिथे तापलेली हवाच शरीराला उष्णता देते आणि घाम वाळून जात असल्यामुळे पाणी किती गेले ते लक्षात येत नाही. दोन्हीकडचे धोके वेगळे आहेत, एवढेच सांगायचे आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभागानेही हा फरक मानला आहे. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, तर किनारी भागात ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांची वाढ पुरते. शिवाय आपल्याकडे उष्ण व दमट हवामानाचा वेगळा इशारा दिला जातो. लाट हा शब्द त्यात नसल्यामुळे लोक तो वाचून सोडून देतात, हे मला फार खटकते. बागेत, खाणीत किंवा जेटीवर काम करणाऱ्यांसाठी तो इशारा लाटेच्या इशाऱ्याइतकाच गंभीर आहे.

आणखी एक समज दूर केला पाहिजे. कोकणातला उन्हाळा म्हणजे मे महिना, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावर पारा सर्वांत वर जातो तो अनेकदा फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. या काळात जमिनीकडून येणारे मतलई वारे जोर धरून राहिले की समुद्रावरून येणारे खारे वारे दुपारपर्यंत अडतात आणि दिवस एकाएकी तापतो. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतच कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. मार्चमध्ये शरीर अजून हिवाळ्याच्या सवयीतून बाहेर आलेले नसते आणि त्याच सुमारास आपल्याकडे शिमगा असतो. पालखी खांद्यावर घेऊन भर दुपारी वाडीवाडीतून नाचवली जाते. भाव समजतो, तो माझाही आहे, पण दुपारी बारा ते चार पालखी सावलीत विसावली आणि खांदेकरी वरचेवर बदलले तर परंपरेला काहीच बाधा येत नाही. गर्दी आणि ऊन एकत्र आले की काय होते हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे दिसले. मोकळ्या मैदानावरील भव्य सोहळ्यासाठी लोक तासन्तास उन्हात बसून होते आणि त्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या आतच होता.

शरीरात नेमके काय बिघडते ते आता पाहू. उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदय रक्त मोठ्या प्रमाणावर त्वचेकडे वळवते. त्यासाठी नाडी वाढते आणि आतड्यांचा व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी होतो. घामामुळे रक्तातले पाणीही घटत असते, म्हणजे कमी रक्तात अधिक काम करण्याची वेळ हृदयावर येते. तरुण हृदय ते काही काळ निभावून नेते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला मात्र याच ताणातून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर उष्म्याचा उल्लेखही येत नाही. उन्हाळ्यातील मृत्यूंचा मोठा भाग असाच नोंदीबाहेर राहतो. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर संशोधकांनी त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले, आणि त्यातूनच २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा आकाराला आला. मूत्रपिंडांचे नुकसान तर आणखी मुकाट्याने होते. दिवसच्या दिवस कमी पाण्यावर अंगमेहनत करणाऱ्यांची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत गेल्याचे मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांमध्ये दिसून आले आहे. आपल्याकडे उन्हाळे लागणे, म्हणजे लघवी थोडी, गडद आणि जळजळत होणे, ही किरकोळ तक्रार समजली जाते. तसे समजू नये. मूत्रपिंडांना पाणी कमी पडत असल्याची ती पहिली सूचना असते.

घामोळे, पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, भोवळ, अंग गळून जाणे ही शरीर थकत चालल्याची चिन्हे आहेत. या टप्प्यावर माणूस शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. त्याला सावलीत आडवे करून पाय उंचावर ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि घोट घोट मीठ-साखरेचे पाणी द्यावे. बहुतेक जण अर्ध्या तासात सावरतात. सावरल्यावरही त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नये. उष्माघात याच्या पुढचा आहे. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि मेंदूचे काम बिघडते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. नाव काय, गाव कोणते, आज वार कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे चुकली तर उष्माघात समजूनच पुढची हालचाल करावी.

इथे दोन गैरसमज जिवावर बेततात. उष्माघातात अंग कोरडे पडते, घाम येत असेल तर उष्माघात नव्हे, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरे असते. पण काम करता करता कोसळलेल्या माणसाचे अंग, विशेषतः आपल्या दमट हवेत, घामाने निथळत असू शकते. त्यामुळे घामावरून निदान करू नये, वागण्यावरून करावे. काखेत किंवा कपाळाला लावलेल्या थर्मामीटरवरही विसंबू नये, कारण बाहेरून घेतलेले तापमान आतल्यापेक्षा बरेच कमी दिसू शकते. दुसरा गैरसमज वागण्याविषयीच आहे. दुपारी बडबडणाऱ्या गड्याला, हा पिऊन आला आहे, असे म्हणून झाडाखाली झोपवून ठेवले जाते, कधी बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो, आणि मोलाचा अर्धा तास निघून जातो. मधुमेही माणसाची साखर उतरल्यावरही असेच होते, तेव्हा ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर पाहावी, पण त्यासाठी अंग थंड करणे थांबवू नये. बागेत नुकतीच फवारणी झालेली असेल आणि घामाबरोबर तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, असे दिसले तर कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. कोणते औषध फवारले होते ते डॉक्टरांना सांगावे आणि शक्य झाल्यास डबाच सोबत न्यावा.

उष्माघातात उपचाराचा क्रम असा आहे: आधी थंड करायचे, मग न्यायचे. पहिल्या ३० मिनिटांत शरीर थंड झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. गाडीत घालून तासभराच्या वळणावळणाच्या रस्त्याने तालुक्याला नेले आणि तोवर अंग तापलेलेच राहिले, तर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे या सर्वांना इजा होते. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हात चालू ठेवावेत. काम करताना कोसळलेल्या तरुण माणसासाठी सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे गार पाण्यात गळ्यापर्यंत बुडवणे. बागेत टब कुठून आणायचा, असा प्रश्न येईल. पावसाळ्यासाठी ठेवलेली ताडपत्री प्रत्येक मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, असते. चार-पाच जणांनी ती चारही बाजूंनी उचलून धरावी, मध्ये माणसाला ठेवावे, आत विहिरीचे पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओतावा आणि ताडपत्री हलवत राहावे. एकाने त्याचे डोके व मान वर धरून श्वासाकडे लक्ष ठेवावे. छपरावरच्या टाकीतले पाणी दुपारी तापलेले असते, त्यापेक्षा विहिरीतून ताजे उपसलेले पाणी घ्यावे. बर्फाच्या बाबतीत आपण इतर भागांपेक्षा सुदैवी आहोत. जवळपास प्रत्येक बंदराजवळ मासळीसाठीचा बर्फ मिळतो आणि तो ठेवायच्या थर्माकोलच्या पेट्याही मिळतात. काढणीच्या दिवसांत अशी एक पेटी भरून बागेत ठेवणे अवघड नाही. ताडपत्री जमली नाही तर सतत पाणी ओतून जोराने वारा घालावा आणि मान, काखा व जांघांत बर्फाच्या पुरचुंड्या ठेवाव्यात. वृद्धांसाठी ही दुसरी पद्धतच बरी. माणूस नीट उत्तरे देऊ लागला किंवा चांगलाच कुडकुडू लागला की पाण्यातून काढावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी अजिबात घालू नये, ते फुप्फुसात जाते. तापाच्या गोळीचाही उपयोग नाही. हा ताप संसर्गाचा नव्हे, आणि पॅरासिटामॉल आधीच इजा झालेल्या यकृतावर भार टाकते. खिशात कांदा ठेवल्याने उष्माघात टळतो ही समजूत निरुपद्रवी वाटते, पण कांदा आहे म्हणून टोपी आणि पाणी घरी राहत असेल, तर ती निरुपद्रवी राहत नाही.

आता त्या गड्याविषयी. कोसळताना तो असंबद्ध बोलत होता, म्हणजे तो उष्माघातच होता असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. उष्माघातानंतर काही आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिने, शरीराची उष्मा सोसण्याची क्षमता कमी राहते. एव्हाना वर्ष होत आले असल्याने बहुधा ती परतली असेल, तरी मूत्रपिंड व यकृताची रक्ततपासणी आणि डॉक्टरांचा स्पष्ट होकार यांशिवाय त्याला काढणीला लावू नये. होकार मिळाल्यास हलक्या, सावलीतल्या कामाने, म्हणजे आंबा निवडणे किंवा पेटी भरणे यांसारख्या कामाने, सुरुवात करावी आणि पहिले काही आठवडे त्याला एकटे सोडू नये.

हीच हळूहळू चढत जाण्याची पद्धत सर्वांनाच लागू आहे. उष्म्यात काम करण्याची सवय शरीराला ७ ते १४ दिवसांत होते. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिस्स्याएवढेच काम उन्हात द्यावे आणि रोज तेवढीच भर घालत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणावे, अशी शिफारस आहे. उष्म्याने कामावर दगावणाऱ्यांत पहिल्याच काही दिवसांत असलेले कामगार मोठ्या संख्येने असतात. नेपाळहून बागांत आलेले कामगार, कर्नाटकातून चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढण्याच्या खाणीवर, आलेली कुटुंबे आणि मुंबईहून मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी, हे सर्व या अर्थाने नवखेच. चाकरमान्यांचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो आहे. वर्षभर वातानुकूलित कार्यालयात बसलेला पन्नाशीचा माणूस सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी पावसाआधी कौले परतायला भर उन्हात छपरावर चढतो, कारण सुट्टी आठच दिवसांची असते. त्याचा मुलगा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, क्रिकेटच्या स्पर्धेत दुपारी सलग तीन सामने खेळतो. घरच्या वडीलधाऱ्यांनी या दोघांनाही पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळपुरतेच उन्हात जाऊ द्यावे.

कामाच्या वेळेबाबत माझे मत ठाम आहे. पहाटे उजाडताच सुरुवात, अकराला थांबणे आणि चारनंतर पुन्हा काम, हा बदल बाकी सर्व उपायांपेक्षा अधिक जीव वाचवतो. आंबा सकाळी काढणे फळासाठीही चांगले असते, हे बागायतदारांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. अडचण येते ती मजुरीच्या पद्धतीत. क्रेटमागे किंवा चिऱ्यामागे पैसे मिळणारा माणूस भोवळ आली तरी थांबत नाही, कारण थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे त्याच्या घरातून जातात. त्याला विश्रांतीचा उपदेश करणे हा अन्याय आहे. तीव्र उष्म्याच्या दिवसांत दर तासाला १०-१५ मिनिटांची विश्रांती मालकाने मजुरीत धरून दिली पाहिजे. चिरेखाणीत तर याची सर्वाधिक गरज आहे. खोल खाणीत वारा पोहोचत नाही, तापलेला जांभा चारही बाजूंनी उष्णता फेकतो आणि काम संपल्यावर ती कुटुंबे ज्या पत्र्याच्या झोपड्यांत परततात, त्याही तापलेल्याच असतात. विश्रांतीच्या वेळी कोपरापर्यंत दोन्ही हात गार पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवून बसावे. हातांतून वाहणारे रक्त थेट थंड होते आणि घाम वाळण्यावर अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून दमट हवेत हा साधा उपाय विशेष उपयोगी पडतो. माणसांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येकाने जोडीदारावर नजर ठेवावी, कारण मेंदू तापलेल्या माणसाला आपले बिनसले आहे हे स्वतःला कळत नाही.

पाणी किती प्यावे? काम करताना दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, तहान लागण्याची वाट न पाहता. पण तासाला दीड लिटरहून अधिक नको. केवळ पाणीच भरमसाट पीत राहिल्यास रक्तातील मीठ घटून उलट्या, गोंधळ आणि झटके येऊ शकतात. घामात मीठ जाते, ते अन्नातून परत यायला हवे, आणि आपल्या जुन्या आहारात याची सोय होतीच. सकाळी मीठ घातलेली भाताची पेज आणि सोबत खारातली कैरी खाऊन कामाला जाणाऱ्या माणसाने पाणी, मीठ आणि पिष्ट या तिन्हींची बेगमी केलेली असते. चहा-बिस्किटावर निघणाऱ्याने केलेली नसते. ताक, नाचणीचे आंबील, मीठ-जिरे घातलेले कोकम सरबत, पन्हे, सोलकढी ही सर्व पेये चांगली आहेत. शहाळ्याविषयी थोडी सावधगिरी हवी. त्यात पोटॅशियम भरपूर असते, पण घामातून जे प्रामुख्याने जाते ते सोडियम कमी असते. म्हणून दिवसभर केवळ शहाळ्यांवर राहू नये, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पिऊ नये. ओआरएसची पूड घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, हे पाहावे आणि अख्खे पाकीट सांगितलेल्याच मापाच्या, साधारणपणे एक लिटर, पाण्यात मिसळावे. पूड नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबाच्या रुग्णांनी रोजचे पेय म्हणून मात्र ते पिऊ नये. दारूने लघवी वाढते आणि धोक्याची जाणीव बोथट होते, तेव्हा लग्नसराईत दुपारची दारू आणि उन्हातली वरात यांची सांगड घालू नये. त्याच लग्नात मांडवामागे चुलीशी उभा असलेला आचारी आणि त्याचे मदतनीस यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. त्यांच्यासाठी पाणी आणि पंखा लावण्याची जबाबदारी यजमानांनी कोणा एकावर नेमून द्यावी.

नेहमीची काही औषधे उष्म्यात धोका वाढवतात. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे, रक्तदाबाची इतर काही औषधे, मधुमेहाच्या ज्या नव्या गोळ्यांनी साखर लघवीतून जाते त्या, मानसिक आजारांवरील अनेक औषधे, लिथियम, कंपवातावरील काही गोळ्या आणि सर्दीवरील झोप आणणारी औषधे यांचा यात समावेश होतो. यांपैकी काहींनी पाणी अधिक जाते, काहींनी घाम कमी येतो. स्वतःहून गोळी बंद करू नये, पण मार्च उजाडण्यापूर्वी डॉक्टरांना सर्व औषधे दाखवून उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे विचारून घ्यावे. इन्सुलिन तापलेल्या घरात किंवा गाडीत खराब होते. फ्रिज नसेल तर मडक्यात पाणी घालून त्यात लहान भांड्यात, कोरडे राहील असे ठेवावे. गरोदर स्त्रियांमध्ये उष्म्यामुळे वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो, त्यामुळे त्यांना उन्हातली कामे, मासळी सुकवण्याचे कामसुद्धा, या दिवसांत देऊ नयेत. तान्ह्या बाळाला किंवा लहान मुलाला बंद गाडीत क्षणभरही ठेवू नये. दहा मिनिटांत आतले तापमान दहा-अकरा अंशांनी चढते.

शेवटी घराविषयी आणि रात्रीविषयी, कारण वृद्धांच्या बाबतीत धोका बागेत नसून घरात असतो. दमट हवा रात्री उष्णता सहज सोडत नाही आणि एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्राचे पाणीच ३० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे अनेकदा पहाटेही पारा २६-२७ च्या खाली येत नाही. दिवसभर शिणलेल्या हृदयाला विसावा मिळायला हवा तो रात्री, आणि तोच मिळत नाही. मातीच्या भिंती, उंच कौलारू छप्पर आणि पुढे-मागे पडवी असलेली जुनी घरे या हवेसाठीच बांधलेली होती. त्यांच्या जागी स्लॅब आणि पत्रे आले, तेव्हा वरच्या मजल्यावर झोपणे अवघड झाले. स्लॅबवर किंवा पत्र्यावर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग द्यावा, पत्र्यावर नारळाची झापे अंथरावीत, दुपारी उन्हाच्या बाजूच्या खिडक्या झाकाव्यात आणि संध्याकाळी समोरासमोरच्या उघडाव्यात. पाण्याचा कूलर मात्र आपल्याकडे घेऊ नये. तो पाणी वाळवून हवा गार करतो, आणि दमट हवेत ते होत नसल्याने खोलीतली आर्द्रता तेवढी वाढते. पंखा आपल्याकडच्या तापमानात उपयोगी आहे, अंग ओले करून त्याखाली बसल्यास अधिकच. हवा ४० अंशांच्या पुढे गेली की तो उलट गरम वारा अंगावर आणतो, तेव्हा निव्वळ पंख्यावर विसंबू नये.

कोकणातल्या कित्येक घरांत आज एकटे आजी-आजोबाच राहतात. वयानुसार तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून अनेक वृद्ध संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मुंबईतल्या मुलांनी उष्ण व दमट हवामानाचा इशारा असलेल्या दिवसांत सकाळी एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा फोन करावा. केवळ बरे आहे ना, असे न विचारता, किती वेळा लघवीला झाली, काय जेवलात, पंखा चालू आहे का, वीज आहे का, हे विचारावे. उत्तर तुटक किंवा विसंगत वाटले, किंवा फोन उचलला गेला नाही, तर शेजाऱ्यांना किंवा वाडीतल्या आशाताईंना लगेच घरी पाठवावे. त्यासाठी त्यांचे क्रमांक होळीपूर्वीच घेऊन ठेवावेत आणि घराची एक किल्ली शेजारी द्यावी.